सोने केव्हा वितळते?

आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या सराफ्यात सोनाराच्या मुशीतले सोने लाल होऊन पाहता पाहता पाण्यासारखे होताना मी लहानपणी कितीदा तरी पाहिले आहे. पुढे शिक्षक झालो आणि फळ्यावर ठणकावून लिहिले : सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. एका मुलाने विचारले, “सर, केवढे सोने?” तोळा असो की गुंज, अंश तेच, असे म्हणून मी त्याला खाली बसवले. वर्ग हसला. तो मुलगा पुन्हा कधी प्रश्न विचारायला उभा राहिला नाही.

माझे पदार्थविज्ञान मॅट्रिकपाशी थांबलेले. नाहीतर १९०९ सालीच पावलोव नावाच्या शास्त्रज्ञाने हा प्रश्न कागदावर सोडवला होता, हे मला ठाऊक असते. कण पुरेसा लहान केला तर तो लवकर वितळला पाहिजे, असे त्याचे गणित. पण तेवढा कण तापवून पाहणार कोण? पंचेचाळीस वर्षे गेली. १९५४ साली जपानच्या मिएको ताकागी या विदुषीने शिसे, कथील आणि बिस्मथ यांचे अतिशय पातळ थर इलेक्ट्रॉनच्या झोतात धरले. धातू घन असेतो रेखीव वर्तुळे उमटतात, वितळला की ती पुसट होतात. ती नेहमीच्या अंशांच्या आधीच पुसट झाली! सोन्याची पाळी १९७६ साली आली. मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या दोन-तीनपट एवढा सोन्याचा कण शेकडो अंश आधीच वितळतो, असे बुफा आणि बोरेल यांनी दाखवले. सोनाराचा डागही लवकर वितळतो म्हणा, पण त्यात दुसरा धातू मिसळलेला असतो. इथे सोने निखळ, फक्त इवलेसे.

यामागचे कारण मला आमच्या हिमरू शालीवरून उमगले. मधला धागा चहूकडून बांधलेला, काठचा मोकळा. उसवण काठापासून सुरू होते. चिंधी जितकी लहान, तितका तिच्यात काठच अधिक. कणाच्या पृष्ठभागावरच्या अणूंनाही बाहेरच्या अंगाला शेजारी नसतो.

पण तीच चिंधी दुसऱ्या कापडात पक्की शिवली तर? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९९०नंतर शिशाचे सूक्ष्म कण जस्तात कोंडून तापवले गेले. शिसे एरवी ३२७ अंशांना वितळते. या कोंडीत ते त्यापुढेही घन राहिले. भोवतालच्या अणूंशी सांधा नीट जुळला, की मोकळा काठ उरतच नाही. सांधा जुळला नाही, तर मात्र नुसते कोंडून काही होत नाही.

आता मी फळ्यावर त्या आकड्यापुढे ‘मोठ्या तुकड्यासाठी’ असे लिहितो. तो मुलगा शहर सोडून गेला. दिवाळीला घरी आला आणि हा अंक त्याच्या हाती पडला, तर त्याने मला येऊन भेटावे.