विश्रामबागवाड्याचे धनी

पेशव्यांच्या पुण्यांतील बहुतेक राजवाडे अग्नीच्या स्वाधीन झाले. शनिवारवाडा १८२८ सालीं जळाला. त्याचे तट, दरवाजे आणि जोतीं तेवढीं उरलीं. बुधवारवाडा १८७९ सालीं गेला, तो पुन्हां उठलाच नाहीं. त्याच रात्रीं पेटलेला विश्रामबागवाडा मात्र बाजीराव रस्त्यावर अद्याप उभा आहे. हें केवळ दैव नव्हे.

येथें पूर्वीं हरिपंत फडके यांची बाग होती. ती जागा घेऊन दुसर्‍या बाजीरावानें १८०७ च्या सुमारास, सुमारें दोन लाख रुपये खर्चून, हा वाडा स्वतःच्या निवासासाठीं बांधविला. सुरूच्या आकाराचे सागवानी खांब आणि दर्शनी सज्जावरील कोरीव काम त्या हौसेची साक्ष देतात. परंतु १८१७ च्या नोव्हेंबरांत खडकीची लढाई झाली, पेशव्यानें पुणें सोडलें, आणि पुढील वर्षीं राज्यच बुडालें. धनी बिठूरास गेला. वाडा कंपनी सरकारकडे आला.

कंपनीनें तो ओस टाकला नाहीं. पेशवे श्रावणांत ब्राह्मणांस दक्षिणा वांटीत. त्या दक्षिणेच्या पैशांतील कांहीं भाग वळवून ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं येथें संस्कृत पाठशाळा उघडण्यांत आली. नाराज शास्त्रीमंडळीस राजी राखणें हा त्यांतील राजकारणाचा भाग. पण विद्येला राजकारणापेक्षां आयुष्य अधिक असतें. कृष्णशास्त्री चिपळूणकर ह्याच पाठशाळेंत शिकले. १८५१ सालीं पाठशाळा व इंग्रजी शाळा एक होऊन पूना कॉलेज झालें. तेंच १८६४ पासून डेक्कन कॉलेज म्हणून ओळखलें गेलें आणि १८६८ सालीं येरवड्याच्या बाजूस नव्या इमारतींत गेलें.

१३ मे १८७९ च्या रात्रीं आग लागली. लोकांचा संशय वासुदेव बळवंत फडके यांच्याकडे वळला. परंतु ती एका सरकारी नोकरानेंच लावल्याचें पुढें उघड झालें. वाड्याची पूर्वेकडील बाजू जळाली. ती लोकवर्गणी व नगरपालिकेचा पैसा ह्यांतून पुन्हां बांधण्यांत आली. विसाव्या शतकांत नगरपालिकेची, आणि १९५० नंतर कांहीं काळ महानगरपालिकेची, कचेरी येथें होती.

ज्यानें वाडा बांधला त्याला तो उणीं पुरीं दहा वर्षें लाभला. त्यानंतर कोणीही त्याला राजवाडा म्हणून जपलें नाहीं. विद्यार्थ्यांनीं, कारकुनांनीं आणि नागरिकांनीं तो वापरला. म्हणूनच तो जळाला तेव्हां, आपलें कांहीं जळालें, असें गांवाला वाटलें. वास्तु भिंतींनीं उभी राहते खरी; पण ती टिकते कामास आल्यानें.