करवतीचें फिरतें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण लांकूड कापणाऱ्यांच्या धंद्यास शेंकडों वर्षें अक्षरशः लागू होती. खांद्यावर लांबलचक करवत, दांते पाजळण्यास एक कानस आणि गेरूंत बुडविलेलें सूत, एवढ्या सामानावर दोन माणसें गांवोगांव फिरत. कोणास घर बांधावयाचें असलें म्हणजे त्यानें आपल्या बांधावरचें झाड तोडून ठेवावें आणि या जोडीस बोलावणें पाठवावें. मग ओंडका लांकडी घोडीवर तिरपा चढे, त्यावर सुताच्या लाल रेघा उमटत, आणि एक जण वर उभा राहून व दुसरा खालीं बसून करवत ओढूं लागत. रेघ सांभाळण्याची जबाबदारी वरच्याची; डोळ्यांत भुसा जाण्याचें भाग्य खालच्याचें. कांहीं दिवसांनीं ओंडक्याच्या जागीं तुळया, वासे व फळ्या रचलेल्या दिसत, आणि जोडी पुढच्या गांवीं निघून जाई. झाड जेथें पडलें तेथेंच त्याची तुळई झाली. ओंडका दूर वाहून नेण्याचें कारणच नव्हतें.

या साध्या दृश्यांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. ओंडक्यानें करवतीकडे जावें, कीं करवतीनें ओंडक्याकडे यावें? वरवर पाहतां हा केवळ सोयीचा प्रश्न वाटतो. परंतु लांकडाच्या धंद्याचा इतिहास पाहिला तर असें दिसतें कीं, या प्रश्नाचें उत्तर जेव्हां जेव्हां बदललें, तेव्हां तेव्हां झाडाच्या किंमतीचा मोठा वांटा कोणाच्या पदरीं पडावा हेंहि बदललें. करवत एका जागीं स्थिर झाली कीं भाव ठरविण्याची सत्ता त्या जागेच्या मालकाकडे झुकते. करवत हिंडूं लागली कीं ती पुन्हां झाडाच्या मालकाकडे कलते. प्रस्तुत लेखांत याच दृष्टीनें या धंद्याकडे पाहण्याचा आमचा विचार आहे.

युरोपांत करवतीस एका जागीं जखडून टाकलें तें प्रथम पाण्यानें. फ्रान्समधील व्हिलार द ऑनकूर याच्या तेराव्या शतकांतील चित्रवहींत पाण्याच्या चाकावर चालणाऱ्या करवतीची आकृति आहे. तींत करवत आपोआप वरखालीं होते आणि ओंडकाहि आपोआप पुढें सरकतो. माणसाच्या दंडाचें काम ओढ्यानें पत्करलें खरें; पण ओढा कांहीं खांद्यावर घेऊन हिंडतां येत नाहीं. तेव्हां ओंडक्यासच ओढ्याकाठीं जावें लागलें. पुढें हॉलंडांत कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन नांवाच्या कल्पक माणसानें वाऱ्यावर चालणाऱ्या करवतीचा हक्क १५९३ सालीं मिळविला. पवनचक्कीचें गोल फिरणें वांकड्या दांड्याच्या योगानें करवतीच्या वरखालीं जाण्यांत बदलावयाचें, ही त्याची युक्ति. मौज अशी कीं, ही गिरणी त्यानें तराफ्यावर उभारली होती. हेतु हा कीं, वारा फिरेल तशी ती वळवितां यावी. १५९६ सालीं ती पाण्यावरूनच झानडॅम येथें नेण्यांत आली. म्हणजे वाऱ्यावर चालणारी ही आद्य गिरणी एका अर्थीं फिरतीच होती! परंतु तिच्या पुढील पिढ्या झान नदीच्या कांठीं पाय रोवून उभ्या राहिल्या, आणि बाल्टिक समुद्राकडून येणाऱ्या ओंडक्यांच्या राशी त्यांच्या दारीं येऊन पडूं लागल्या.

हाताच्या करवतीवर पोट भरणारांनीं हा बदल मुकाट्यानें सोसला असें मात्र नाहीं. अ‍ॅमस्टरडॅम शहरांतील करवत ओढणारांच्या संघानें गिरण्यांना विरोध केला, आणि शहरानें नाकारलेला धंदा झानच्या कांठीं भरभराटला. इंग्लंडांत प्रकरण याहून विकोपास गेलें. लंडनच्या लाइमहाउस भागांत चार्ल्स डिंगली या व्यापाऱ्यानें पवनचक्कीवर चालणारी लांकडाची गिरणी उभारली होती. १० मे १७६८ रोजीं सुमारें पांचशें लोकांच्या जमावानें ती मोडून टाकली. पार्लमेंटानें दुसऱ्याच वर्षीं कायदा करून गिरणी पाडणें हा भयंकर गुन्हा ठरविला. या दंगलीकडे अडाण्यांचा यंत्रद्वेष म्हणून पाहण्याची रूढि आहे. आम्हांस ती पटत नाहीं. त्या माणसांचें भांडण यंत्राच्या दांत्यांशीं नव्हतें. आजवर काम करणारा स्वतः कामाच्या जागीं जाऊन आपली मजुरी ठरवीत होता. यापुढें काम गिरणीच्या दारीं जाणार आणि मजुरी गिरणीवाला ठरविणार, हें त्यांनीं पुरतें ओळखलें होतें.

आपल्याकडे हा फेरफार सावकाश झाला. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले, आणि त्यांच्या घराण्यानें मुंबईच्या गोदींत पिढ्यान् पिढ्या जहाजें बांधलीं. १८१७ सालीं तेथून पाण्यांत उतरलेलें 'ट्रिंकोमाली' हें लढाऊ जहाज मलबारच्या सागाचें असून, तें इंग्लंडांत हार्टलपूल येथें अजून जतन करून ठेविलेलें आहे. अशा जहाजांच्या भुकेनें सागाचीं रानें विरळ होत गेलीं. १८४७ सालीं मुंबई इलाख्यांत डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची जंगलांचे रक्षक म्हणून नेमणूक झाली, आणि रान हें कोणीहि तोडावें असें उरलें नाहीं. पुढें आगगाडी व वाफेची गिरणी आल्यावर लांकडाचा धंदा वखारींत स्थिरावला. तेव्हांपासून एक व्यवहार आपल्या खेड्यांत रूढ झालेला आहे. शेतकरी आपलें झाड उभ्याउभ्याच, नजरेच्या अंदाजानें, विकून टाकतो. व्यापारी तेंच लांकूड वखारींत घनफुटाच्या मापानें विकतो. अंदाजानें विकणें आणि मापानें विकणें यांतलें जें अंतर, तोच या धंद्याचा नफा. आणि तें अंतर करवत दूर असल्यामुळेंच उत्पन्न झालेलें आहे.

परंतु ज्या वाफेनें करवतीस खिळून टाकलें, तिनेंच पुढें तिला पुन्हां चालतें केलें. गोल पात्याच्या करवतीचा हक्क इंग्लंडांत सॅम्युएल मिलर यास १७७७ सालीं मिळाला होता. हें पातें सुटसुटीत; त्यास उंच सांगाडा लागत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चाकांवर ओढून नेतां येणारीं वाफेचीं यंत्रें निघालीं, तेव्हां या दोहोंचा संयोग झाला. अमेरिकेंत बाल्टिमोर येथील जॉर्ज पेज यानें १८४१ सालीं उचलून नेण्याजोग्या गोल करवतीच्या गिरणीचा हक्क घेतला, आणि अशा गिरण्या रानोरान जाऊं लागल्या. पहिल्या महायुद्धांत त्यांचें मोल राष्ट्रांनाहि कळलें. खंदकांस, रुळांखालच्या स्लीपरांस व छावण्यांस लांकूड अपार लागे. तें समुद्रापलीकडून आणावें तर जहाजांत जागा नाहीं आणि वाटेंत पाणबुड्यांचें भय. म्हणून १९१६ सालीं कानडा देशानें लांकूडतोड्यांचें एक स्वतंत्र दळच उभारलें. त्यानें लांकूड पाठविण्याऐवजीं माणसें व गिरण्या पाठविल्या, आणि स्कॉटलंड व फ्रान्स येथील रानांतच फळ्या पाडल्या.

फिरत्या करवतीची खरी परीक्षा मात्र वादळांत होते. २१ सप्टेंबर १९३८ रोजीं अमेरिकेच्या न्यू इंग्लंड प्रांतावर मोठें वादळ आलें आणि पाइन वृक्षांचीं रानेंच्या रानें एका दिवसांत आडवीं झालीं. पडलेलें झाड वाट पाहत नाहीं. त्यास भुंगेरे लागतात, बुरशी चढते, आणि थोड्याच काळांत तुळईचें लांकूड सरपणाच्या लायकीचें होतें. तेथील मध्यवर्ती सरकारनें यासाठीं स्वतंत्र कचेरी उघडून ओंडके विकत घेतले आणि तळ्यांत बुडवून ठेविले. कारण पाण्याखालीं लांकूड कुजत नाहीं. मग रानांत व तळ्यांकाठीं लहान लहान गिरण्या लागल्या. पुढें दुसऱ्या महायुद्धांत पुरुष सैन्यांत गेले, तेव्हां १९४२ सालीं न्यू हँपशायरमधील काँकर्ड गांवाजवळ टर्की पाँड या तळ्याकाठची एक गिरणी बायकांनीं चालविली. ज्या धंद्यांत स्त्रीचा हात लागणें अशक्य मानलें जाई, तो त्यांनीं निभावून नेला. १९८७ च्या ऑक्टोबरांत दक्षिण इंग्लंडांत सुमारें दीड कोटि झाडें एका रात्रींत पडलीं, तेव्हांहि हाच धडा पुन्हां मिळाला: झाडें एकदम पडतात, परंतु स्थिर गिरण्यांची कुवत एकदम वाढत नाहीं.

हल्लींची फिरती गिरणी तर मोटारीच्या मागें जोडून कोणाच्याहि अंगणांत नेतां येते. १९८२ सालीं अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत वुड-मायझर नांवाची अशी गिरणी विक्रीस आली, आणि पुढें तसल्या अनेक निघाल्या. तिची रचना मोठी मनोवेधक आहे. मोठ्या गिरणींत ओंडका गाडीवर बसून पात्यापाशीं जातो. येथें ओंडका जागच्या जागीं राहतो आणि पट्ट्यासारखें पातळ पातें त्याच्या अंगावरून पुढें सरकत जातें. या पातळपणाचा लाभ हिशोब केल्यावांचून ध्यानांत येणार नाहीं. पंचवीस मिलिमीटर जाडीच्या फळ्या काढतांना गोल पात्यानें दर कापास सहा मिलिमीटर लांकूड खाल्लें, तर जवळजवळ पंचमांश ओंडका भुशांत जातो. पट्ट्याच्या पात्यानें दोनच मिलिमीटर खाल्लें, तर चौदाव्या हिश्शाच्या आंतबाहेर. या गिरणीचा शत्रु एकच, खिळा. रस्त्याकडेच्या झाडांस पाट्या व जाहिराती ठोकण्याची जी संवय लोकांस असते, तिचा दंड वर्षांनुवर्षांनीं असा पात्यास भरावा लागतो.

आतां कोणी विचारील, असें आहे तर आपल्याकडे ही गिरणी गांवोगांव कां हिंडूं नये? याचें उत्तर कायद्यांत आहे, आणि तें उडवून लावण्याजोगें नाहीं. चोरीचें लांकूड ओळखतां येतें तें ओंडक्यावरून. त्याच्या फळ्या झाल्या कीं तें कोणत्या रानचें हें सांगणें कठीण. जी करवत रात्रींत येऊन पहांटेस निघून जाऊं शकते, ती चोराच्या हातीं पडली तर रानाचें काय होईल हें सांगावयास नको. १२ डिसेंबर १९९६ रोजीं गोदावर्मन् यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें जंगलतोडीस जो लगाम घातला, त्यांत लांकडाच्या गिरण्यांवरहि कडक निर्बंध आले. ज्यांनीं आपलीं रानें उघडीं पडतांना पाहिलीं, त्यांस हा निर्बंध अन्यायाचा वाटणार नाहीं.

तथापि प्रश्नाची दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ कोंकण किनाऱ्यावर आदळलें, आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांतील वाड्यांत माड, पोफळी, आंबे व फणस उन्मळून पडले. आजोबांनीं लावलेला फणस नातवाच्या अंगणांत आडवा पडला, तर त्याच्यांत घराचे खांब आहेत, दारें आहेत, वीणेचा भोपळाहि आहे. परंतु करवत दूर आणि ओंडका जड. आणण्यानेण्याचा खर्च लांकडाच्या किंमतीस गिळून टाकतो. अशा वेळीं फणस सरपणाच्या भावानें जाणार, हें अंकगणितच सांगतें. वादळानें झाड पाडलें. त्याचें मोल मात्र अंतरानें बुडविलें.

रान चोरांपासून राखावें आणि शेतकऱ्याच्या दारचें झाडहि सरपण होऊं नये, या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी नव्हेत असें आमचें मत आहे. ओंडक्यास परवाना लागतो, तसा फिरत्या करवतीसहि लागावा. तिनें कोणाचें, कोठलें व किती झाड कापलें याची नोंद गांवच्या दप्तरीं राहावी. आणि निदान वादळानंतर तिला हांकेसरशीं येऊं द्यावें. खांद्यावर करवत घेऊन येणाऱ्या त्या दोघांस सारा गांव ओळखत होता, आणि त्यांनीं कोणाचें झाड कापलें हें कोणापासून लपत नव्हतें. करवत फिरती होती, पण ती चोरटी नव्हती. यंत्र नवें आलें तरी तिच्यावरचा पहारा तोच राहावा: उजेडांत, मालकासमोर आणि गांवाच्या साक्षीनें.