आकडा अमोनियाचा, उपचार माणसाचा

लिव्हर सिरॉसिसचा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, की घरात पहिला प्रश्न येतो: ‘अमोनिया किती आला?’ रूढ समजूत अशी की आकडा जितका चढा, तितका मेंदू बिघडलेला. आकडा उतरला की रुग्ण सुधारला. त्याला जोडूनच दुसरी समजूत येते. अमोनिया प्रथिनांतून होतो, म्हणून डाळ, अंडी, दूध बंद.

या पूर्वपक्षाला आधार आहे. १८९३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये पाव्हलॉव्ह, नेन्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या आतड्यांतले रक्त यकृताला वगळून थेट मोठ्या शिरेत वळवले. मांस खाल्ल्यावर त्यांतली कित्येक कुत्री झोकांड्या खाऊ लागली, त्यांना झटके आले. निरोगी यकृत अमोनियाचा युरिया करते. ते काम थांबले की अमोनिया मेंदूत पोचतो, आणि तिथल्या ताराकृती पेशी त्याचे ग्लुटामिन करताना सुजतात. अमोनिया दोषी आहेच. माझा आक्षेप आहे तो एका आकड्यावरून निदान आणि उपचार ठरवण्याला.

तो आकडा मुळात नाजूक. दंडाला पट्टा आवळून ठेवला, रुग्णाला मूठ वळायला लावली किंवा नळी बर्फात न ठेवता तशीच पडू दिली, तर अमोनिया खोटाच वाढलेला दिसतो. नमुना बिनचूक घेतला तरी कोडे सुटत नाही, कारण चढा आकडा असूनही शुद्धीत, नीट बोलणारे रुग्ण असतात. लंडनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याचे कारण दाखवतो. जंतुसंसर्ग झालेल्या सिरॉसिसच्या रुग्णांचा अमोनिया मुद्दाम वाढवला, तेव्हा बौद्धिक चाचण्यांत त्यांची घसरगुंडी झाली. संसर्ग बरा झाल्यावर अमोनिया पुन्हा तसाच वाढवला, पण ती घसरण दिसली नाही. मेंदू बिघडायला अमोनियासोबत शरीरातला दाहही लागतो, आणि तो अमोनियाच्या रिपोर्टात उमटत नाही. म्हणूनच युरोप आणि अमेरिकेतल्या यकृततज्ज्ञांच्या संस्थांनी २०१४ च्या संयुक्त मार्गदर्शनात सांगितले की जुन्या यकृतविकारात नुसत्या चढ्या अमोनियाने निदानात भर पडत नाही.

पथ्याची समजूत तर घातक आहे. बार्सिलोनात झालेल्या, २००४ च्याच एका चाचणीत अशा भ्रमासाठी दाखल झालेल्या ३० रुग्णांपैकी काहींना पहिल्या दिवसापासून पुरेशी प्रथिने दिली, बाकीच्यांची आधी तोडून हळूहळू वाढवली. सुधारणेत फरक पडला नाही; उलट प्रथिने तोडलेल्यांच्या शरीरातली प्रथिने जास्त झिजली. यकृत थकल्यावर अमोनिया शोषून घेण्याचा भार स्नायूंवर येतो. वरण बंद करणे म्हणजे तेच स्नायू झिजवणे. वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणेही हिताचे.

मग पाहावे काय? रुग्णाला हात पुढे करून पंजे मागे वळवायला सांगा. पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडतात का? आज वार कोणता? एका मिनिटात प्राण्यांची नावे सांगताना दहाच्या आतच तो अडखळतो का? मग कारण शोधा: बद्धकोष्ठ, काळी शौच, ताप, पोटातल्या पाण्याचा संसर्ग, लघवीच्या गोळ्यांचा अतिरेक, झोपेची गोळी. लॅक्ट्युलोज या रेचक औषधाची मात्राही दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच होईल अशी ठरवावी, आकड्यावरून नव्हे.

आकड्याला त्याची जागा आहे. भ्रम असून अमोनिया नॉर्मल आला, तर साखर, सोडियम, डोक्यातला रक्तस्राव यांकडे वळलेच पाहिजे. यकृत अचानक निकामी होते तेव्हा तर आकडा मोलाचा ठरतो. दिल्लीच्या एम्समधल्या २००६ च्या अभ्यासात अशा रुग्णांत लिटरमागे १२४ मायक्रोमोल किंवा त्याहून जास्त अमोनिया मृत्यूचा धोका दाखवत होता. पण सिरॉसिस वर्षानुवर्षांचा सोबती. तिथे रिपोर्ट हाती येण्याआधी घरच्या माणसाला कळते की यांचे आज काहीतरी बिनसले आहे. डॉक्टरांनी ते आधी ऐकावे, आणि ताटातले वरण ताटातच राहू द्यावे.