थेट दुसऱ्या वर्षाचे दार

ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यातील नोकऱ्यांच्या मागणीची आठवण आपण वारंवार काढतो. शिक्षणाच्या भागाकडे मात्र क्वचितच वळतो. कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या माणसांचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रविद्या हवी, अशी तेथील भूमिका आहे. त्यासाठी वर्षाला दोन लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या मागितल्या आहेत. शिवाय सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीही. म्हणजे पदवी आणि हातकसब या दोन्ही वाटा त्यांनी एकदमच मागितल्या होत्या. आपल्या वाट्याला मुख्यतः दुसरी आली.

अंबरनाथची आयुध निर्माणी, विमको, शहाडची सेंच्युरी रेयॉन यांच्या पगारावर उल्हासनगर ते बदलापूरच्या कितीतरी वस्त्या उभ्या राहिल्या. फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे शब्द आमच्या घरांत आडनावांसारखे रुळले. माझे वडील त्यांतलेच. पदवीवाला इंजिनिअर म्हणजे साहेब, आणि साहेब आपल्या वस्तीत राहत नसे.

कामगाराला तेथवर पोचण्याची एक वाट होती : एएमआयई. १९२० साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या या परीक्षा नोकरी सांभाळून देता येत आणि त्या पदवीसमान धरल्या जात. मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी ती मान्यता उरली नाही. यावर आपल्या चळवळीत एक साधी सभासुद्धा झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही!

आता मोठी वाट एकच : दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि तेथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. येथे सीईटी नाही, म्हणून क्लासची फी नाही. डिप्लोमाचे गुण पाहतात. आयटीआय झालेल्या मुलालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात शिरून हा जिना चढता येतो.

मी उल्हासनगरच्या एका महाविद्यालयात शिकवतो. वस्तीतली डिप्लोमाची मुले निकालानंतर विचारतात, "सर, व्हीजेटीआयला कॉम्प्युटर मिळेल का?" या प्रश्नाचे उत्तर गुणपत्रिकेत अर्धेच असते. उरलेले अर्धे जागांच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब मुलांना कोणी सांगत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या जागा दोन ठिकाणांहून येतात. मंजूर संख्येवर दिलेला एक लहान जादा वाटा, आणि पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागा. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान महाविद्यालयांना परवानगी दिली. तेव्हापासून जागा वाढत गेल्या, पुढे त्यांतल्या पुष्कळ रिकाम्या राहू लागल्या. तेथे डिप्लोमावाल्याचे स्वागत होते. पण १८८७ च्या व्हीजेटीआयमध्ये किंवा १८५४ पासूनच्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात कॉम्प्युटरची जागा कोण सोडतो? तेथे जादा वाटा तेवढा शिल्लक. साठांच्या वर्गाला तो दहा टक्के धरला तर जागा सहा. अनुसूचित जातींचे तेरा टक्के त्यावर लावा : ०.७८. जमातींचे सात टक्के : ०.४२. हक्क कागदावर पूर्ण आहे. वर्गात तो एका बाकाच्याही आत बसतो. दुसऱ्यांनी टाकलेले तेवढे आपले, हा न्याय गावकुसाबाहेरच्या माणसाला नवा नाही.

म्हणून मी मुलांना सांगतो, आधी मागच्या वर्षीच्या शेवटच्या प्रवेशाचे गुण आणि या वर्षीच्या जागांचा तक्ता शेजारी ठेवा, मग पसंतीक्रम भरा. कॉम्प्युटरच्या हट्टापायी चांगल्या महाविद्यालयातली इलेक्ट्रिकल सोडणे मला पटत नाही. पालकांना हे पटवणे अधिक कठीण, तो वेगळा विषय.

प्रवेश मिळाला तरी पहिल्याच सत्रात एम-थ्री समोर येते. ज्या गणितावर ते उभे असते ते बारावीत आणि पदवीच्या पहिल्या वर्षी शिकवलेले. डिप्लोमाच्या मुलाने त्यातले निम्मेच पाहिलेले असते. गणित शिकवणाऱ्या मित्रांनी ऑगस्ट-सप्टेंबरचे आठ रविवार विहाराच्या सभागृहात दिले तर एवढे भरून काढता येईल. फळा आणि खडू आहेत. अंबरनाथ आणि बदलापूरसाठी प्रत्येकी दोन शिक्षक हवे आहेत.