हायड्रोजन संपायला ३६ तास

शुक्रवार, ५ मार्च १९९९, सकाळी साडेआठच्या सुमारास (भारतीय वेळ)
३६ तास बाकी

कॅलिफोर्नियात अजून गुरुवारची संध्याकाळ आहे. व्हॅन्डेनबर्गहून उडालेल्या विमानाच्या पोटाखालून पेगासस रॉकेट सुटते आणि नासाची ‘वायर’ ही छोटी दुर्बीण कक्षेकडे निघते. आरसा जेमतेम ३० सेंटिमीटरचा, पण काम मोठे: चार महिने अवरक्त प्रकाशात आकाश न्याहाळायचे आणि ज्या दीर्घिकांमध्ये तारे झपाट्याने जन्मतात त्यांची नोंद घ्यायची. अवरक्त दुर्बीण उबदार असली तर तिला स्वतःचीच ऊब दिसते. म्हणून सोबत गोठवलेला हायड्रोजन दिला आहे. शोधक यंत्रे उणे २६५ अंश सेल्सियसच्याही खाली ठेवायची आहेत. हायड्रोजन आहे तोवरच मोहीम आहे. दुर्बिणीच्या तोंडावर झाकण आहे, ते काही दिवसांनी उडवायचे ठरले आहे.

थोड्याच वेळाने

झाकण सोडवायला छोटे स्फोटक खटके आहेत आणि त्यांचा ताबा एका इलेक्ट्रॉनिक पेटीकडे आहे. त्या पेटीला कक्षेत पहिल्यांदा वीज दिली जाते. नुसती वीज. झाकण उडवा असा आदेश कोणी दिलेला नाही. तरीही ते उडते, ठरल्या वेळेच्या सुमारे तीन दिवस आधी.

काय झाले ते मिलिसेकंदांत पाहावे लागते. पेटीतल्या एफपीजीए (हवे ते तर्कमंडल भरता येणाऱ्या) चिपला सुरक्षित स्थितीत आणणारा रीसेट होता, पण तो क्लॉकचा ठोका पडल्यावरच लागू होणारा. क्लॉक देणारा स्फटिक वीज मिळताक्षणी स्पंदू लागत नाही. त्याला लय धरायला वेळ लागतो. म्हणजे रीसेटचा संकेत हजर होता, तो लागू करणारा ठोका अजून पडलाच नव्हता. त्यात अ‍ॅक्टेलच्या ए-१०२० जातीच्या त्या चिपमधला चार्ज पंप सुरू होईपर्यंत तिचे आउटपुट ठरल्याप्रमाणे वागतील याची हमी नसते. आणि त्या बेभरवशाच्या आउटपुटपासून खटक्यांपर्यंतची वाट मोकळी होती, मध्ये अडसर कुठलाच नव्हता. चिप बिघडलेली नव्हती. आखणी चुकली होती.

मी मूळचा बुलढाण्यातल्या चिखली तालुक्यातला, आणि काम करतो ते कमी विजेवर चालणाऱ्या चिप आखण्याचे. म्हणून ही घटना मला कुठल्या तरी लांबच्या अवकाशातली वाटत नाही. आमच्याकडे बचतीचा सर्वांत मोठा उपाय म्हणजे लागत नसलेल्या भागाची वीजच तोडणे. फोन खिशात असताना त्यातल्या चिपचा बराचसा भाग बंद असतो. गरज पडली की जागा होतो, काम करतो, पुन्हा झोपतो. ‘वायर’वर एकदा आलेला तो क्षण आमच्या चिपवर दिवसभर येत राहतो.

वीज परत येण्यातला धोका बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. रब्बीत रात्रीची लाइन येते, शिवारातल्या मोटारींना ऑटो स्विच लावलेले असतात, आणि सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. डीपी, म्हणजे रोहित्र, जळते, आणि ऐन ओलिताच्या दिवसांत गहू-हरभरा पाण्यावाचून राहतो. त्यासाठी मी शेतकऱ्याला दोष देणार नाही. थंडीच्या रात्री विहिरीवर जायला लागू नये, एवढ्याचसाठी त्याने तो ऑटो लावलेला असतो. चिपमध्ये हेच टाळायला आम्ही एखाद्या भागाचे सगळे पॉवर स्विच एकदम चालू करत नाही, एकामागून एक साखळीने करतो.

करंट आवरला तरी ‘वायर’चा प्रश्न उरतोच: जागा होणारा भाग पुरता भानावर येईपर्यंत बाहेर काय सांगत असतो? त्यासाठी आयसोलेशन सेल. बंद किंवा अर्धवट जाग्या भागाचे आउटपुट ती ठरलेल्या शून्यावर किंवा एकवर धरून ठेवते. वीज स्थिर व्हावी, क्लॉक चालू व्हावा, रीसेट पूर्ण व्हावा, आणि मगच ती पकड सोडावी. आज हे सारे यूपीएफ या प्रमाणित भाषेत लिहून द्यावे लागते, आणि एखादी सेल राहून गेली तर तपासणीची साधने ती दाखवून देतात. यूपीएफची पहिली आवृत्ती २००७ ची. ‘वायर’ आखणाऱ्यांच्या हाती ती नव्हती.

शुक्रवार, पुढचे तास

झाकण गेल्यामुळे उष्णता थेट दुर्बिणीत शिरते. गोठलेल्या हायड्रोजनचा वायू होतो, तो बाहेर धावतो, आणि त्या झोताच्या रेट्याने उपग्रह फिरू लागतो. दिशा सांभाळणारी यंत्रणा एवढ्या रेट्यासाठी केलेलीच नव्हती. गिरकी मिनिटाला ६० फेऱ्यांपर्यंत जाते. जमिनीवरची माणसे ती थांबवायला धडपडतात, पण आदेश पाठवून झाकण परत बसवता येत नाही.

शनिवार, ६ मार्च, रात्री साडेआठच्या सुमारास
शून्य

चार महिने पुरायचा हायड्रोजन संपला. दुर्बिणीने ज्यासाठी झेप घेतली होती ते एकही निरीक्षण झाले नाही.

८ मार्चला नासाने मुख्य मोहीम गेल्याचे जाहीर केले. उपग्रह मात्र जिवंत होता. दिशा ओळखण्यासाठी त्यावर बसवलेल्या सुमारे ५ सेंटिमीटरच्या छोट्या दुर्बिणीतून शास्त्रज्ञांनी पुढे ताऱ्यांची स्पंदने मोजली, आणि मे २०११ मध्ये तो वातावरणात जळाला. या चिकाटीला मी मनापासून मानतो.

या अपघाताच्या चौकशी मंडळाच्या अहवालातली एक गोष्ट मला स्फटिक आणि चार्ज पंपापेक्षाही जास्त टोचते. त्या पेटीच्या आखणीवरून दुसऱ्या जाणकारांची नजर नीट फिरलीच नव्हती. मंडळाने सांगितलेले दोष, आकृती समोर ठेवून कोणी आस्थेने प्रश्न विचारले असते तर सापडण्यासारखे होते. आमच्याकडे आखणी तपासायला बसलो की नव्या मुलामुलींना मी वेव्हफॉर्मचा डावा काठ मोठा करून दाखवायला सांगतो, वीज आल्यापासून क्लॉकच्या पहिल्या ठोक्यापर्यंतचा, आणि त्या पट्ट्यात प्रत्येक आउटपुट कशाने धरलेले आहे ते एकेक करून विचारतो.