गृहसंग्रहाच्या सर्व्हरसाठी सॉफ्टवेअरची निवड : इगतपुरीच्या अनुभवाच्या प्रकाशात

ध्वनिमुद्रणे, चित्रफिती व छायाचित्रे घरच्याच एका संगणकावर साठवून ती घरातील इतर यंत्रांस पुरविणारी जी व्यवस्था, तिला आज मीडिया सर्व्हर म्हणतात. या कामी प्लेक्स, एम्बी व जेलीफिन या तीन सॉफ्टवेअरांचा विचार मुख्यत्वे केला जातो. त्यांतील कोणते पत्करावे हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञाचा वाटेल. परंतु मौखिक इतिहासाच्या मुलाखती, गावोगावची कीर्तने किंवा घरगुती बैठकींतील गाणे असा ऐवज ज्या अभ्यासकापाशी आहे, त्याच्या दृष्टीने तो साधनांच्या जतनाचा प्रश्न होय. कारण अशा ऐवजाची दुसरी प्रत बहुधा कोठेच नसते.

या प्रश्नाचा बोधप्रद पूर्वानुभव आपल्याजवळच, इगतपुरीस, उपलब्ध आहे. तेथील धम्मगिरी या केंद्रात १९७६ साली विपश्यनेची शिबिरे सुरू झाली आणि १९८५ साली विपश्यना विशोधन विन्यास ही संशोधनसंस्था स्थापन झाली. रंगून येथे १९५४ ते १९५६ या काळात भरलेल्या सहाव्या संगीतीत त्रिपिटकाचा जो पाठ सिद्ध झाला, तो या संस्थेने देवनागरीत छापला व १९९७ साली संगणकाच्या तबकडीवरही प्रसिद्ध केला. अट्ठकथा व टीका धरून दोनशेहून अधिक ग्रंथांचा हा संभार त्या तबकडीवर शोधासहित वाचता येई. मात्र तीवरील प्रोग्राम त्या काळच्या विंडोज संगणकांसाठी रचलेला होता व अक्षरेही विशिष्ट फाँटांवर अवलंबून होती. असे प्रोग्राम फार वर्षे टिकत नाहीत. १९९९ साली तबकडीची तिसरी आवृत्ती निघाली. पुढे तो सर्व पाठ युनिकोडमध्ये व एक्सएमएल या खुल्या स्वरूपात आणला गेला आणि त्यावर नवा प्रोग्राम उभा राहिला. त्याची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. मूळ पाठ देवनागरीत एकदाच ठेवलेला असतो. रोमन, बर्मी, सिंहली, थाई इत्यादी लिप्यांतील रूपे वाचकाच्या मागणीनुसार त्यापासून तयार होतात. प्रोग्राम बदलला, तबकडी मागे पडली, पण पाठास धक्का लागला नाही. याचे कारण उघड आहे : पाठ संस्थेच्या स्वतःच्या ताब्यात होता आणि तो दुसऱ्या प्रोग्रामास वाचता येईल अशा रूपात नेता आला.

ही कसोटी हाती धरून उपरोक्त तीन सॉफ्टवेअरांचा पूर्ववृत्तांत पाहावा. प्लेक्सचे मूळ एक्सबीएमसी या मुक्त प्रकल्पात आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळयंत्रावर जन्मलेला हाच प्रकल्प २०१४ पासून कोडी या नावाने ओळखला जातो. मॅक संगणकांसाठी त्याचे रूपांतर करणारी मंडळी २००८ साली वेगळी झाली व प्लेक्स निर्माण झाले. पुढे त्याची कंपनी झाली आणि सर्व्हर बंदिस्त राहिला. एम्बीची कथा याहून उद्बोधक आहे. त्याचा सर्व्हर प्रारंभी मुक्त परवान्याखाली होता. २०१८ च्या अखेरीस चालकांनी पुढील आवृत्तींची मूळ संहिता बंद केली. परंतु ३.५.२ ही आवृत्ती तोवर मुक्तपणे दिली गेली होती व दिलेला परवाना परत घेता येत नव्हता. तिच्याच आधाराने त्याच डिसेंबरात जेलीफिन सुरू झाले. परवान्याचा कागद हा केवळ औपचारिक नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

प्लेक्स वापरण्यास कंपनीकडे खाते लागते, म्हणजे घरच्या दाराची एक किल्ली परक्याकडे राहते. ऑगस्ट २०२२ मध्ये या खात्यांच्या माहितीत परक्यांचा शिरकाव झाल्याने सर्वांस परवलीचे शब्द बदलण्यास सांगावे लागले. एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून स्वतःचाच संग्रह पाहणे ही सशुल्क सोय झाली. जेलीफिनमध्ये वापरणाऱ्यांची नोंद घरच्याच सर्व्हरवर असते. याची किंमत आहेच : बाहेरून पोहोचण्याची वाट ज्याची त्याने बांधावयाची व तिची राखणही स्वतःच करावयाची. घरातील वडीलधाऱ्यांच्या दूरदर्शन संचावर प्लेक्सचे चालणे अधिक सुकर असते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

रूपांतराच्या बाबतीत इगतपुरीचे स्थानकच दृष्टांत पुरविते. मुंबईकडून येणारा १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह पूर्वी येथे संपे व भुसावळकडे २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह सुरू होई. म्हणून इंजिन बदलावे लागे, डबे व उतारू तेच राहत. (विद्यमान शतकात घाटाखालीही प्रत्यावर्ती प्रवाह आल्याने हा खोळंबा संपला.) पाहणाऱ्याच्या यंत्रास मूळ फाईल मानवत नसेल तेव्हा सर्व्हर असाच बदल चालू असतानाच करतो. तिन्ही सॉफ्टवेअरांत हे काम २००० साली आरंभिलेल्या एफएफएमपेग या मुक्त साधनाच्या आधारे होते. त्यास संगणकातील चित्रविषयक चिपचे साहाय्य हवे असल्यास प्लेक्स व एम्बी शुल्क मागतात, जेलीफिन मागत नाही.

आमच्या मते अभ्यासकाने खरी दक्षता घ्यावयाची ती वर्णनाच्या बाबतीत. ही सॉफ्टवेअरे चित्रपटांची नावे व माहिती जागतिक सूचींतून आपोआप आणतात. एखाद्या वारकरी फडातील १९७० च्या सुमाराची ध्वनिफीत त्या सूचींत सापडणार नाही. गायक कोण, गाव कोणते, ध्वनिमुद्रण कोणाच्या घरी झाले, हे सर्व स्वतःच लिहावे लागते आणि फिती ऐकून माणसे ओळखणारे लोक हयात आहेत तोवरच लिहिता येते. हे लिखाण सर्व्हरच्या अंतर्गत कोठ्यात राहिले, तर सर्व्हरबरोबर जाईल. चित्रफितींचे व संगीताच्या संग्रहांचे वर्णन फाईलींशेजारीच, एनएफओ या साध्या एक्सएमएल रूपात ठेवण्याची कोडीने रूढ केलेली पद्धत जेलीफिन पाळते. मात्र ती सोय मुद्दाम चालू करावी लागते. निवड पक्की करण्यापूर्वी पाचपन्नास फिती घालून, वर्णने लिहून, सर्व्हर बंद करावा आणि तोच फोल्डर कोडीने उघडून त्यातील किती नावे जागेवर राहिली ते मोजावे.