कलम २१ चा पूर्वेतिहास

आपल्या राज्यघटनेंतील एकविसावें कलम अवघ्या एका वाक्याचें आहे. कायद्यानें प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीवांचून कोणाहि व्यक्तीचें जीवित वा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेतां येणार नाहीं, एवढेंच तें सांगतें. परंतु तो कायदाच अन्यायाचा असला तर काय? या प्रश्नाचें उत्तर त्या वाक्यांत नाहीं, आणि तें राहून गेलें तें नजरचुकीनें नव्हे.

१९४७ सालीं घटनासमितीपुढें मूलभूत हक्कांचा जो मसुदा आला, त्यांत अमेरिकन घटनेंतील 'ड्यू प्रोसेस' हे शब्द होते. त्यांच्या आधारें अमेरिकन न्यायाधीश कायद्याची केवळ रीत न पाहतां त्याची न्याय्यताहि तपासूं शकत. हें शस्त्र दुधारी होतें. १९०५ सालीं याच शब्दांवर बोट ठेवून तेथील सर्वोच्च न्यायालयानें, बेकरींतील कामगारांकडून आठवड्याला ६० तासांहून अधिक काम घेऊं नये असा न्यूयॉर्कचा कायदा रद्द केला! घटनासमितीचे सल्लागार बी. एन्. राव अमेरिकेस गेले असतां न्यायमूर्ति फ्रँकफर्टर यांनीं त्यांना या धोक्याची जाणीव दिली. जमीनदारी मोडूं पाहणाऱ्या पुढाऱ्यांना ती पटावी यांत नवल तें काय? मसुदा समितीनें जपानच्या नव्या घटनेंतील शब्द पसंत केले.

डिसेंबर १९४८ मध्यें या बदलावर घटनासमितींत चर्चा झाली. काझी सय्यद करीमुद्दीन यांनीं जुने शब्द परत घालावे अशी उपसूचना मांडली. कन्हैयालाल मुनशींनीं तो पक्ष उचलून धरला. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचा मात्र त्यास विरोध होता. १३ डिसेंबरला डॉ. आंबेडकर बोलावयास उठले. प्रतिपक्षाचें म्हणणें खोडून काढण्यांत त्यांचा हात धरणारा सभागृहांत क्वचितच कोणी असेल. परंतु त्या दिवशीं त्यांनीं कोणतीच बाजू घेतली नाहीं. पक्षाच्या मुठींतील कायदेमंडळ अन्याय्य कायदे करील हें भय खरें. पण पांचसहा न्यायाधीशांच्या हातीं सर्व सोंपवावें हेंहि मनास पटत नाहीं, असें सांगून त्यांनीं निर्णय सभेवर सोंपविला. उपसूचना नामंजूर झाली.

त्यांच्या मनाचें समाधान मात्र झालेलें नसावें. १५ सप्टेंबर १९४९ रोजीं त्यांनीं एक नवें कलम पुढें आणलें. तेंच आजचें बाविसावें. अटकेचें कारण कळविणें, वकिलाचा सल्ला घेऊं देणें, २४ तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटपुढें उभें करणें, हीं बंधनें त्यांत आलीं. मागील निर्णयाची ही भरपाई आहे, असें त्यांनीं मोकळेपणें सांगितलें. पण त्याच कलमानें सल्लागार मंडळापुढें प्रकरण न नेतां तीन महिने स्थानबद्ध ठेवण्याची मुभा सरकारला दिली! बक्षी टेकचंद यांनीं त्यावर कडक टीका केली, आणि ती अनाठायीं होती असें आज कोण म्हणेल?

१९५० सालीं ए. के. गोपालन यांच्या खटल्यांत बहुसंख्य न्यायमूर्तींनीं कायदेमंडळ करील तो कायदा, असाच अर्थ लावला. न्या. फझल अली यांनीं भिन्न मत नोंदविलें. तें त्या वेळीं एकाकीच राहिलें.

खरी कसोटी आणीबाणींत लागली. राष्ट्रपतींच्या आदेशानें या कलमाच्या रक्षणार्थ न्यायालयांत जाण्याची वाटच बंद झाली होती. २८ एप्रिल १९७६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध एक अशा मतांनीं निर्णय दिला कीं, स्थानबद्धाला हेबियस कॉर्पसचा अर्ज करतां येणार नाहीं. त्या चौघांत यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे उरले ते न्या. हंसराज खन्ना, पुढच्याच वर्षीं त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायाधीशास सरन्यायाधीशपद देण्यांत आलें.

१९७८ सालीं मनेका गांधी खटल्यांत न्यायालयानें ठरविलें कीं, कार्यपद्धति न्याय्य व वाजवी असलीच पाहिजे. म्हणजे १९४८ सालीं दारांतून बाहेर घातलेला अर्थ तीस वर्षांनीं खिडकींतून आंत आला. आणीबाणींतहि हें कलम स्थगित करतां येऊं नये अशी तरतूद चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें केली. आणि २०१७ सालीं नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें १९७६ चा निर्णय रद्द ठरविला. त्या पीठांतील धनंजय चंद्रचूड यांनीं आपल्या वडिलांचें मत चुकीचें असल्याचें स्पष्ट शब्दांत लिहिलें.

त्याच चव्वेचाळिसाव्या दुरुस्तींत तीन महिन्यांची ती मुदत दोन महिन्यांवर आणणारें एक कलम आहे. संसदेनें तें मंजूर केलें. पण तें अंमलांत आणण्याची अधिसूचना मात्र आजवर एकाहि सरकारनें काढलेली नाहीं.